कोणतं 'अरे संसार संसार'?



मेहरूण, शिरसोली, ममुराबाद, असोदे, नशिराबाद. फर्माइशीच्या चिठ्ठ्या कुठूनही येवोत, त्यातल्या दोन-चार चिठ्ठ्यांवर हमखास एकच मागणी असते: 'अरे संसार संसार' लावा. खाली बचत गटाचं नाव, गावाचं नाव आणि रामराम. चिठ्ठी साधी आहे, पण ती हातात आली की लावणारीला विचार पडतो. या नावाचं एक गाणं आहे. याच नावाचा एक अख्खा सिनेमा आहे आणि त्यातली गाजलेली गाणी वेगळीच आहेत. मूळ गाणं एकाच चालीत गायलं जातं असंही नाही. आणि या सगळ्याच्या आधी हे शब्द जिच्या तोंडून निघाले, तिच्या लेखी त्या गाण्याला नाव असं काही नव्हतंच.

आज याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. एकाच नावाची वेगवेगळी गाणी कशी तयार होतात, आणि त्या नावाच्या गर्दीत बाईचं नाव कुठे जातं.

सुरुवात घराजवळूनच करू. मेहरूणच्या तलावापासून असोदं काही लांब नाही, जुन्या माणसांच्या हिशेबात दोन-तीन कोस. तिथे महाजनांच्या घरात २४ ऑगस्ट १८८० ला बहिणाबाई जन्मल्या. लहान वयातच लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिशीच्या आसपास नवरा गेला. पदरी तीन मुलं, घरात शेती. पुढचं आयुष्य शेतात, घरोटावर, चुलीपुढे गेलं. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात हे मेहरूणच्या बाईला सांगायला नको, पण हा अंक दुसरीकडेही वाचला जातो म्हणून सांगितलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता सुचेल ते त्या म्हणत.

आता विचार करा, घरोटावर बसलेली बाई गाण्याला नाव देते का? आपली आजी कधी म्हणाली का, की "आता मी अमुक नावाची ओवी म्हणते"? ती सरळ म्हणायला लागायची. आपण नंतर कुणाला सांगायचो तर 'आत्याची ती ओवी', 'आखाजीला झोक्यावर म्हणतात ते', 'हळद दळताना मावशी म्हणायची ते' असं सांगायचो. म्हणजे गाणं ओळखायचं ते कोण म्हणतं आणि कधी म्हणतं यावरून. त्या ओळखीत बाई होती, काम होतं, सण होता.

नावाची गरज कुणाला पडते? ज्याला गाणं कपाटात ठेवायचं आहे त्याला. पुस्तकाला अनुक्रमणिका लागते, तबकडीला मधोमध चिकटवायला कागद लागतो, रेडिओला यादी लागते, मोबाईलला फाईलचं नाव लागतं. मग सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन शब्द उचलायचे आणि तेच नाव म्हणून टाकायचं. ही युक्ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही, तिच्याशिवाय काही सापडायचं नाही. पण सुरुवातीचे शब्द शेकडो गाण्यांत सारखे असतात. ओव्या मोजत म्हणायची आपली रीत घ्या. पहिली ओवी देवाला, दुसरी कुणाला, तिसरी कुणाला. महाराष्ट्रात गावोगावच्या बायांनी अशीच सुरुवात केली आहे. नाव पहिल्या शब्दांवरून द्यायचं म्हटलं तर हजारो बायांच्या हजारो ओव्या एकाच नावाच्या पेटीत जाऊन पडतील.

बहिणाबाईंच्या बाबतीत थोडं नशीब बरं होतं. त्यांचे मुलगे सोपानदेव स्वतः कवी होते. ते आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची काही गाणी ऐकून उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे इतके भारावले की पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. जी गाणी वहीत उतरली तेवढी राहिली. जी उतरली नाहीत ती दळणाबरोबर गेली. बाईंच्या स्वतःच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. त्यामुळे घरोटावर त्या हे गाणं नेमकं कोणत्या चालीत म्हणत, कुठे थांबत, कोणता शब्द लांबवत, ते आज वाजवून दाखवता येत नाही.

पुस्तकाचं नाव मात्र नीट ठेवलं गेलं: बहिणाबाईंची गाणी. नावातच बाई आहे. पुढे काय झालं ते बघताना हे लक्षात असू द्या.

इथे एक बाजूची गोष्ट सांगते, कारण चिठ्ठ्यांमध्ये हाही घोटाळा असतो. काही जणी लिहितात, 'संत बहिणाबाईंचं अरे संसार संसार लावा.' बहिणाबाई दोन आहेत. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. वैजापूरकडच्या देवगावच्या, तुकाराम महाराजांना गुरू मानणाऱ्या. १७०० साली त्या गेल्या, शिऊरला त्यांची समाधी आहे. त्यांचे अभंग आहेत, आत्मचरित्रही आहे. आपल्या बहिणाबाई चौधरी त्यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी जन्मल्या. दोघी थोर, दोघींचं नाव एक, आणि एकीचं श्रेय दुसरीला देऊन दोघींवरही अन्याय होतो. आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये नाव दिलं गेलं तेही म्हणूनच 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' असं पुरतं आहे.

आता सिनेमाकडे येऊ. १९६१ साली अनंत माने यांचा 'मानिनी' आला. जयश्री गडकर त्यात होत्या. संगीत वसंत पवारांचं, ज्यांनी दोनच वर्षं आधी 'सांगत्ये ऐका'ची गाणी केली होती. त्यांनी 'मानिनी'साठी बहिणाबाईंच्या कवितेला चाल लावली आणि सुमन कल्याणपूर यांनी ती गायली. आपल्यापैकी बहुतेकींच्या कानात 'अरे संसार संसार' म्हटल्यावर जी चाल येते ती ही. म्हणजे शब्द असोद्या-जळगावच्या, चाल सिनेमाच्या संगीतकाराची, आवाज मुंबईच्या गायिकेचा. गाणं सुरेखच आहे. त्या आवाजात एक समजूतदारपणा आहे, उगाच रडवेपणा नाही. मला ते आवडतं.

पण दोन गोष्टी कान देऊन ऐका.

एक म्हणजे लांबी. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. पुस्तकातली कविता लांब आहे. बाई संसाराला एकापाठोपाठ एक उपमा देत जातात, स्वयंपाकघरातल्या, मळ्यातल्या. सिनेमात त्यातली निवडक कडवी आहेत. ज्या बायांनी फक्त गाणं ऐकलं त्यांना वाटतं की एवढंच आहे. पुस्तक उघडणारीला अचानक ओळखीच्या गाण्यात अनोळखी कडवी भेटतात. घरोटावर तर वेळेची अडचणच नव्हती. पायली दळून होईपर्यंत गाणं चालायचं.

दुसरी गोष्ट बोलीची. बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली. तिथे 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. भालोद-भादली-असोद्याकडची बाई हे शब्द म्हणेल तेव्हा तिला तोंड वळवावं लागत नाही. शाळेत मुलं कविता म्हणतात तेव्हा मास्तरांच्या वळणानं म्हणतात, गायिका गाते तेव्हा तिच्या वळणानं गाते. एका अक्षरानं काय होतं, असं कुणी म्हणेल. होतं. एका अक्षरानं गाणं शेजारच्या घरातलं होतं, किंवा पाहुण्यांचं.

'मानिनी'नंतरही चाली झाल्या. यशवंत देवांनी बहिणाबाईंच्या कवितांना चाली लावल्या आणि उत्तरा केळकर यांनी त्या गायल्या. त्या गाण्यांनी त्यांना घराघरात ओळख मिळाली. सिनेमा बाजूला ठेवून कवितेच्या जवळ जाणारं ते काम आहे असं मला वाटतं. आणि शिवाय गॅदरिंगमध्ये, भजनी मंडळात, बचत गटाच्या मेळाव्यात आपापल्या चालीत म्हणणाऱ्या बाया वेगळ्याच. नाव तेच. शब्द तेच. गाणं मात्र दर वेळी दुसरं.

सुमन कल्याणपूरांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ते आपल्या विषयातलं आहे. त्यांचा आवाज लताबाईंच्या आवाजाच्या इतका जवळचा, की कित्येकांनी त्यांची गाणी लताबाईंची समजून आयुष्यभर ऐकली. आजही मोबाईलवर त्यांच्या गाण्याखाली लोक दुसरंच नाव लिहितात. गायिका डोळ्यांदेखत असताना, तबकडीवर नाव छापलेलं असताना ही गत. २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा कितीतरी जणींना कळलं की अरे, हेही गाणं त्यांचं होतं, तेही त्यांचंच होतं.

आता चिठ्ठीतला दुसरा घोटाळा. १९८१ मध्ये राजदत्त यांचा सिनेमा आला, त्याचं नावच 'अरे संसार संसार'. रंजना आणि कुलदीप पवार त्यात होते, संगीत अनिल-अरुण यांचं. पंढरीच्या वाटेवर, आषाढीला, गणपतीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा वाजणारं 'विठूमाऊली तू माऊली जगाची' हे या सिनेमातलं. ते जगदीश खेबुडकरांनी लिहिलं. सुधीर फडके, सुरेश वाडकर आणि जयवंत कुलकर्णी यांनी गायलं. पेरणीच्या दिवसांत लागणारं 'काळ्या मातीत मातीत' हेही त्यातलंच. ते अकोल्याकडचे कवी विठ्ठल वाघ यांचं, वऱ्हाडी मातीतलं. आता बघा गंमत. एखादी मुलगी मोबाईलवर 'अरे संसार संसारची गाणी' असं शोधते आणि तिला खेबुडकर आणि वाघ सापडतात. दोघेही मोठे कवी, त्यांच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण ते शब्द ज्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा गाण्यात आले ती त्या यादीत तिला भेटेलच असं नाही. मग ती मुलगी वर्गात सांगते की हे नाव सिनेमाचं आहे.

बरं, सिनेमावाल्यांनी असं नाव उचललं तर चालतं का? चालतं. आपल्या कायद्यात कवितेवर, गाण्यावर, चालीवर हक्क असतो, पण नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो. 'देसी बॉईज' नावाच्या हिंदी सिनेमाबद्दल एक लेखक कोर्टात गेला होता. त्यानं तेच नाव आपल्या गोष्टीला आधी दिलं होतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसतं शीर्षक म्हणजे स्वतंत्र कलाकृती नव्हे, त्यावर कॉपीराइट सांगता येत नाही. विचार केला तर हे बरोबरच आहे. संसार, माहेर, आखाजी, पाऊस, हे शब्द एकीच्याच मालकीचे झाले असते तर बाकीच्यांनी गायचं काय?

मराठीत तर नाव उचलायची रीत जुनीच आहे, आणि संसार हा शब्द तर सगळ्यांचा लाडका. 'अवघाचि संसार' घ्या. हे शब्द मुळात ज्ञानेश्वरांच्या अभंगातले. १९६० मध्ये त्या नावाचा सिनेमा आला, संगीत पुन्हा वसंत पवारांचंच. २००६ मध्ये त्याच नावाची मालिका टीव्हीवर सुरू झाली आणि चार वर्षं घरोघरी जेवणाच्या वेळी चालली. आज 'अवघाचि संसार' म्हटल्यावर सासूला अभंग आठवतो, सुनेला मालिका. पण इथे एक फरक आहे. ज्ञानेश्वरांचं नाव त्या गर्दीत हरवत नाही. देवळात, कीर्तनात, पोथीत ते इतकं पक्कं बसलेलं आहे की कुणी कितीही मालिका काढल्या तरी ते पुसलं जाणार नाही. खरी पंचाईत होते ती ज्यांच्या नावामागे ना देऊळ, ना पोथी, ना पुस्तक, अशा बायांची.

नाव न पुसलं जाण्यासाठी एका बाईनं काय केलं ते ऐका. १९०२ सालची गोष्ट. परदेशी कंपनीची माणसं कोलकात्यात गाणी भरायला आली होती. गौहर जान ही मोठी गायिका. हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या तबकड्या तिच्या. गाणं भरलं जायचं इथे, पण तबकडी तयार व्हायची जर्मनीत, हॅनोव्हर गावी. तिथल्या कारागिरांना आवाज ऐकून कोण गातंय हे कसं कळणार? कागद लावताना अदलाबदल झाली तर? म्हणून गाणं संपलं की गौहर जान मोठ्यानं, इंग्रजीत, आपलं नाव सांगायची. सव्वाशे वर्षं होत आली. तबकडी घासली, खरखर वाढली, पण शेवटी ते नाव अजून ऐकू येतं. कागद फाटला तरी नाव गाण्यातच आहे. कारागिराच्या सोयीसाठी केलेली ती गोष्ट, पण मला त्यात फार मोठा शहाणपणा दिसतो.

आपल्या ओव्यांचं काम करणाऱ्यांनीही हाच धडा पाळला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. नंतर बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं हजारो ओव्या आवाजासकट भरून ठेवल्या गेल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. त्या संग्रहात गाण्यांना सिनेमासारखी नावं नाहीत. विषयाप्रमाणे वर्ग केलेत, म्हणजे सीता, माहेर, भाऊ, लेक, पंढरी, दळण, बाईच्या जन्माचं दुःख. प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. आणि प्रत्येक ओवीशेजारी म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आहे. लाख ओव्यांत दहा हजारांची सुरुवात सारखी असली तरी बिघडत नाही. ही अमुक बाईंची, ही तमुक बाईंची, एवढं स्पष्ट आहे. हा संग्रह बराचसा पुणे भागातला आणि पश्चिम महाराष्ट्रातला. आपल्या खानदेशच्या घरोटाचं असं काम अजून कितीतरी व्हायचं आहे.

आणि आपल्याकडे काय कमी आहे का? गुलाबाई घ्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली गुलाबाई बसवतात, टिपऱ्या घेऊन गातात, डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. विदर्भात तीच भुलाबाई, देशावर भोंडला आणि हादगा. तिकडे पाटावरच्या हत्तीभोवती फेर, इकडे मातीच्या गुलाबाई-गुलोजी. गाण्यांच्या सुरुवाती पुष्कळदा सारख्या. पण पुढे जाल तसं गाणं त्या गावचं होतं. एका गावात सासऱ्याची खोड काढतात, दुसऱ्या गावात नणंदेची. कुणी मधे गल्लीतल्या दुकानदाराला घुसवतं, कुणी नवीन आलेल्या सुनेला. मेहरूणच्या मुलीनं लग्न होऊन धुळ्याकडे गेल्यावर तिथल्या मुलींबरोबर तेच गाणं सुरू करून बघावं. दुसऱ्या कडव्यालाच दोघी वेगळ्या वाटेला लागतात आणि मग हसतात. कानबाईच्या रोटाच्या वेळची गाणी, आखाजीची झोक्यावरची गाणी, सगळ्यांचं हेच.

ही गाणी कॅसेटवर आली, मग सीडीवर, आता मोबाईलवर. त्यावर बघा काय लिहिलेलं असतं. गीत: पारंपरिक. माझा या शब्दावर राग आहे. काही गाण्यांची कर्ती खरोखर कुणालाच ठाऊक नसते, तिथे दुसरं काय लिहिणार, कबूल. पण पुष्कळदा पारंपरिक म्हणजे 'आम्ही विचारलं नाही' असाच अर्थ असतो. ज्या गावात भरलं ते गाव सांगता आलं असतं. जिनं शिकवलं ती आजी सांगता आली असती. संगीतकार, वादक, निर्माता, कंपनी, सगळ्यांची नावं छापायला जागा असते. 'पारंपरिक' हा एक शब्द गावातल्या सगळ्या बायांना मिळून दिला जातो.

सोपानदेवांनी वही उतरवली नसती, तर 'अरे संसार संसार' हेही आज कुठल्यातरी कॅसेटवर असं पारंपरिक म्हणून वाजत असतं. वाजलं असतं यात शंका नाही, इतकं ते चांगलं आहे. पण असोद्याची एक बाई आपल्याला माहीत झाली नसती.

आता कायद्याचं थोडं, कारण गटांच्या बैठकीत हे विचारलं जातं. बहिणाबाईंच्या कवितांवरचा हक्क आता संपला आहे. लेखिका गेल्यावर छापलेल्या पुस्तकाचा हक्क छापलेल्या वर्षानंतर साठ वर्षं असतो, १९५२ चं पुस्तक म्हणजे २०१२ पर्यंत. पुस्तकातली कविता तुम्ही तुमच्या चालीत खुशाल म्हणा, भरा, वाजवा. मुद्रित गाण्याचा, म्हणजे त्या विशिष्ट आवाजाचा आणि वाजंत्रीचा हिशेब निराळा, तो मुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या वर्षापासून साठ वर्षांचा. म्हणजे एकाच नावाखाली कविता मोकळी असू शकते आणि तिचं एखादं नवं मुद्रण मोकळं नसतं. कार्यक्रमात कुणाचं तयार गाणं लावण्यापूर्वी ते कोणत्या सालचं, हे म्हणून विचारायचं.

आणि दुसरी बाजू आपल्या हक्काची. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात गाणाऱ्याचा एक हक्क लिहिला आहे: माझं गायन वापरलं तर ते माझं आहे हे सांगितलं जावं. वापरण्याची पद्धतच अशी असेल की नाव देणं जमत नाही, तर सूट आहे, पण एरवी नाव मागता येतं. हा हक्क लता मंगेशकरांना जितका तितकाच मेहरूणच्या गुलाबाईत गाणाऱ्या बाईला. मोठी गायिका, लहान गायिका असा भेद त्यात नाही. कुणी तुमची ओवी मोबाईलवर भरून नेली, मागे ढोलकी घातली आणि 'खानदेशी गीत' म्हणून सोडली, तर तुम्ही विचारू शकता की माझं नाव कुठे आहे. भांडायलाच पाहिजे असं नाही. पण विचारायचं.

हे पुढे विचारायला लागू नये म्हणून भरतानाच एक सवय लावून घ्या. आपल्या मोबाईलमध्ये गाणं भरायचं ते सुरू करण्याआधी बाईनं आपलं नाव आणि गाव म्हणावं, गौहर जानसारखं. गाणं कुणाकडून शिकली ते सांगावं. आईकडून, सासूकडून, शेतात मजुरीला जाताना बरोबरच्या मावशीकडून, जे असेल ते. कधी म्हणतात ते सांगावं, आखाजीला की दळताना की हळदीला. आणि तारीख. अर्धं मिनिट जास्त लागतं. फाईलला नाव देताना नुसतं 'संसार गाणे' किंवा 'आजीची ओवी' लिहू नका. प्रत्येक घरात आजी आहे. ज्या म्हाताऱ्या बाया लाजून नाव सांगत नाहीत, "माझं कशाला नाव, देवाचं गाणं आहे" म्हणतात, त्यांचा मान राखा, पण बचत गटाच्या वहीत एका पानावर त्यांना विचारून लिहून ठेवा. बचतीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, कुणी शंभर भरले, कुणी दोनशे. त्याच वहीच्या मागच्या पानांवर गाण्यांचा हिशेब मावतो. कुणाचं नाव बाहेर सांगायचं आणि कुणाचं नाही, ते ज्या त्या बाईनं ठरवावं.

चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीही थोडी मदत करा. 'अरे संसार संसार, मानिनी, सुमन कल्याणपूर' असं लिहिलंत तर ते लागेल. 'सिनेमा अरे संसार संसार, विठूमाऊली' असं लिहिलंत तर ते. नाव आठवत नसेल तर कुणी म्हटलेलं, कुठे ऐकलेलं, कशाबद्दल आहे ते लिहा, त्यावरून शोधता येतं. आणि 'बहिणाबाई' लिहिताना संत की चौधरी, तेवढं लिहा.

या बोलण्यानंतर आपण तीन गोष्टी ऐकणार आहोत. आधी 'मानिनी'मधलं १९६१ चं गाणं. मग तीच कविता पुस्तकातून पूर्ण, सगळ्या कडव्यांसह, लेवा बोलीत, गाणं न करता नुसती वाचून, म्हणजे सिनेमात न आलेली कडवी कोणती ते तुम्हाला पडताळता येईल. आणि शेवटी मेहरूणच्या गटातल्या एका मावशींनी म्हटलेली घरोटावरची ओवी, जी त्यांनी आपल्या आत्येसासूकडून शिकली. त्यांचं नाव, माहेर आणि सासर त्या सुरुवातीला स्वतःच सांगतील.